विश्लेषण : चीन, जपान, कोरियाच्या अभ्यासासाठी परदेशात ‘मास्टर्स’… विद्यापीठाआधी भाषा का निवडावी?

कोरियन मालिका, जपानी अ‍ॅनिमे आणि चीनविषयीच्या रोजच्या बातम्या पाहत वाढलेली पिढी आता पदव्युत्तर शिक्षणाच्या उंबरठ्यावर आहे. त्यातल्या काहींना ‘ईस्ट एशियन स्टडीज’ म्हणजे पूर्व आशिया अभ्यास या विषयात परदेशात मास्टर्स करावेसे वाटते. त्यांत कला शाखेचे विद्यार्थी असतात, तसे अभियांत्रिकी आणि वाणिज्यचेही असतात. मात्र संगणकशास्त्र किंवा व्यवस्थापनाच्या मास्टर्सप्रमाणे हा अभ्यासक्रम थेट नोकरीपर्यंत नेत नाही. शुल्क आणि राहण्याचा खर्च मात्र अनेक ठिकाणी त्यांच्याइतकाच असतो. म्हणूनच अर्ज भरण्यापूर्वी काही गोष्टी नीट समजून घेणे गरजेचे आहे.

पूर्व आशिया अभ्यास म्हणजे नेमके काय?

चीन, जपान, दक्षिण व उत्तर कोरिया आणि तैवान हा या अभ्यासाचा गाभा. काही विद्यापीठे त्यात मंगोलिया, हाँगकाँग, तिबेट किंवा व्हिएतनामचाही समावेश करतात. हा एकच एक विषय नाही. इतिहास, साहित्य, धर्म, राज्यशास्त्र, अर्थकारण, समाजशास्त्र, चित्रपट अशा अनेक विषयांच्या नजरेतून एका प्रदेशाकडे पाहणे, असे त्याचे स्वरूप आहे. त्यामुळे एकाच वर्गात सातव्या शतकातील बौद्ध ग्रंथांवर काम करणारी विद्यार्थिनी आणि सेमीकंडक्टर उद्योगाच्या धोरणावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी शेजारी बसलेले असू शकतात.

या दोघांना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे भाषा. अभ्यासायच्या देशाच्या भाषेतले मूळ साहित्य वाचून लिहिणे ही या शाखेची ओळख आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या मास्टर्समध्ये चीनविषयी केवळ इंग्रजी साहित्य वाचून पदवी मिळू शकते. येथे बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागत नाही.

हा विषय पाश्चात्त्य विद्यापीठांत कसा रुजला?

व्यापार, साम्राज्य आणि शीतयुद्ध ही त्याची तीन कारणे. जपानने दोनशेहून अधिक वर्षे युरोपीय देशांपैकी फक्त डचांना नागासाकीच्या देजिमा बेटावरून व्यापाराची मुभा दिली होती. त्यातून नेदरलँड्समध्ये जपानी ग्रंथ आणि वस्तूंचा मोठा संग्रह जमला आणि लायडन विद्यापीठात १८५५ मध्येच जपानी भाषेसाठी प्राध्यापक नेमले गेले. लंडनचे ‘सोआस’ १९१६ मध्ये स्थापन झाले, ते साम्राज्याच्या कारभारासाठी आशिया-आफ्रिकेच्या भाषा जाणणारी माणसे हवी होती म्हणून.

अमेरिकेत या शाखेचा विस्तार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. सोव्हिएत रशियाने १९५७ मध्ये स्पुटनिक उपग्रह सोडल्यावर अमेरिकेने १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. त्यातून विज्ञानाबरोबरच परकीय भाषांच्या शिक्षणालाही सरकारी पैसा मिळू लागला.

भारतातही ही परंपरा नवी नाही. रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात १९३७ मध्ये ‘चीना भवन’ सुरू झाले. त्याच वर्षी पुण्याचे पु. वि. बापट यांचा ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ या बौद्ध ग्रंथांची तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. विमुत्तिमग्ग हा ग्रंथ चिनी अनुवादातून उपलब्ध असल्याने बापटांचे हे काम चिनी भाषा येत असल्यामुळेच शक्य झाले. आज दिल्ली विद्यापीठात आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पूर्व आशियासाठी स्वतंत्र विभाग आहेत.

परदेशात कोणते पर्याय आहेत?

पहिला पर्याय पाश्चात्त्य विद्यापीठांचा. अमेरिकेत हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड आणि कोलंबिया येथे या विषयाचे मास्टर्स आहे. ब्रिटनमध्ये सोआस आणि ऑक्सफर्ड, युरोपात लायडन आणि हायडेलबर्ग ही ठळक नावे. या विद्यापीठांची खरी श्रीमंती त्यांच्या ग्रंथालयांत आहे. उदाहरणार्थ, हार्वर्ड-येनचिंग हे आशियाबाहेरील पूर्व आशियाई ग्रंथसंग्रहांपैकी सर्वांत मोठ्या संग्रहांत गणले जाते.

दुसरा पर्याय थेट त्या देशात जाऊन शिकण्याचा. पेकिंग विद्यापीठाच्या येनचिंग अकादमीत चीन अभ्यासाचे इंग्रजी माध्यमातील मास्टर्स असून त्याचा खर्च अकादमी उचलते. बीजिंगच्याच छिंगह्वा विद्यापीठातील श्वार्झमन शिष्यवृत्तीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम जागतिक घडामोडींचा आहे, त्यात चीनवर भर असतो. टोकियोत वासेदा आणि सोफिया विद्यापीठांत इंग्रजी माध्यमाचे पर्याय आहेत. टोकियो विद्यापीठातील ‘इटाशिया’ हा अभ्यासक्रम आशियातील माहिती-तंत्रज्ञान आणि समाज यांवर असल्याने तंत्रज्ञानाची पार्श्वभूमी असलेल्यांना जवळचा वाटू शकतो. दक्षिण कोरियात सोल राष्ट्रीय विद्यापीठ, तर तैवानमध्ये राष्ट्रीय चंगची विद्यापीठ येथेही इंग्रजीतून मास्टर्स करता येते.

कालावधी हा महत्त्वाचा मुद्दा आहे. ब्रिटनमधील बहुतेक मास्टर्स एका वर्षाची असतात. ऑक्सफर्डमध्ये जपान अभ्यासासाठी एक वर्षाचा एमएस्सी आणि दोन वर्षांचा एमफिल असे दोन मार्ग आहेत. येलमध्येही एक किंवा दोन वर्षांची निवड करता येते. एका वर्षात खर्च वाचतो. पण ज्याची भाषा अजून कच्ची आहे त्याच्या हाती वर्षअखेरीस पदवी येते, भाषा येत नाही.

भाषा किती यावी लागते?

अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना परकीय भाषा शिकवते. इंग्रजीभाषक व्यक्तीला कामापुरती चिनी, जपानी किंवा कोरियन येण्यासाठी सुमारे २,२०० तासांचे वर्ग लागतात, असा तिचा हिशेब आहे. आठवड्याला चार तास, याप्रमाणे शनिवार-रविवारचा वर्ग वर्षभर न चुकता केला तरी २०८ तास होतात. म्हणजे केवळ वीकेंडच्या वर्गांवर विसंबल्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. रोजचा स्वतःचा अभ्यास आणि काही महिने पूर्णवेळ भाषाशिक्षण याला पर्याय नाही, असा त्याचा अर्थ.

भाषेची पातळी मोजणाऱ्या परीक्षा ठरलेल्या आहेत. जपानीसाठी जेएलपीटी असून तिचे एन-५ ते एन-१ असे पाच स्तर आहेत. त्यांत एन-१ सर्वांत कठीण. कोरियनसाठी टोपिक परीक्षेचे सहा स्तर आहेत. चिनीसाठी एचएसके आहे. तिचे पूर्वी सहा स्तर होते, २०२१ मधील नव्या मानकांत ते नऊ करण्यात आले.

विद्यापीठांच्या अटी वेगवेगळ्या असतात. स्टॅनफर्डमध्ये पदवी मिळेपर्यंत चिनी, जपानी किंवा कोरियन यांपैकी एक भाषा विद्यापीठीय तिसऱ्या वर्षाच्या पातळीपर्यंत येणे अपेक्षित असते. जर्मनीतील अनेक चीन-जपान अभ्यासक्रमांत प्रवेशाच्या वेळीच ती भाषा यावी लागते, शिवाय शिकवण्याचे माध्यम जर्मन असू शकते. इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमांत प्रवेशासाठी भाषेची अट शिथिल असते. पण प्रबंधासाठी जपानी वृत्तपत्रे किंवा चिनी सरकारी कागदपत्रे वाचायची वेळ येते, तेव्हा ही सवलत उपयोगी पडत नाही.

इतिहासाकडे वळणाऱ्यांसाठी आणखी एक पायरी असते. आधुनिक चिनी येणाऱ्याला अभिजात चिनी आपोआप वाचता येत नाही. आजची जपानी येणाऱ्याला जुन्या हस्तलिखितांमधील ‘कुझुशिजी’ ही जोडून लिहिलेली लिपी वेगळी शिकावी लागते. मोडी येत नसेल तर मराठी येऊनही पेशव्यांचे दफ्तर वाचता येत नाही, तसाच हा प्रकार.

मराठी विद्यार्थ्यांना या भाषा जड जातात का?

वरील २,२०० तासांचा हिशेब इंग्रजीभाषकांसाठी आहे. मराठी भाषकांना जपानी आणि कोरियनमध्ये एक सोय आहे. या दोन्ही भाषांत मराठीप्रमाणेच वाक्याचा क्रम कर्ता, कर्म, क्रियापद असा असतो. ‘घरात’, ‘मित्राबरोबर’ यांत जसे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामानंतर येतात, तसेच तिथेही येतात. समोरच्या व्यक्तीच्या मानाप्रमाणे क्रियापदाचे रूप बदलते, हेही मराठी माणसाला नवे नाही. त्यामुळे व्याकरणाचा सांगाडा लवकर बसतो.

लिपीचा डोंगर मात्र सर्वांसाठी सारखाच. जपान सरकारच्या २०१० च्या यादीत नित्य वापरातील कांजी चिन्हांची संख्या २,१३६ आहे. कोरियाची हंगुल लिपी पंधराव्या शतकात मुद्दाम रचलेली आणि सुटसुटीत असून ती काही दिवसांत वाचता येते. चिनीमध्ये लिपीच्या जोडीला चार सूर सांभाळावे लागतात आणि वाक्यरचना मराठीपेक्षा इंग्रजीला जवळची आहे.

पुणे-मुंबईच्या विद्यार्थ्यांना जपानी शिकण्याची चांगली सोय आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ येथे जपानी शिकवली जाते. जेएलपीटीची केंद्रे दोन्ही शहरांत आहेत आणि ही परीक्षा जुलै व डिसेंबरमध्ये होते. विमानाचे तिकीट काढण्याआधी निदान एन-३ किंवा त्या तोडीची पातळी गाठता आली, तर परदेशातील महागडे तास मुळाक्षरांवर खर्च होत नाहीत.

अभियंत्यांना प्रवेश मिळतो का? अर्जात काय पाहतात?

बहुतेक ठिकाणी पदवी कोणत्या शाखेची आहे, याला मज्जाव नसतो. अडचण येते ती लेखनाच्या नमुन्यापाशी. पदवी गुणपत्रिका, शिफारसपत्रे आणि उद्देशपत्र यांबरोबर अनेक विद्यापीठे अर्जदाराने लिहिलेला १५ ते २० पानांचा अभ्यासपूर्ण निबंध मागतात. चार वर्षांत प्रयोगवह्या आणि प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिलेल्या अभियंत्याकडे तो नसतो. तो तयार करायला, म्हणजे प्रश्न ठरवून, संदर्भ वाचून, तळटिपांसह लिहायला सहा महिने सहज लागतात. मानव्यविद्येच्या एखाद्या प्राध्यापकाकडून तो वाचून घेतला, तर शिफारसपत्राचाही प्रश्न सुटू शकतो.

अभियंत्यांना या शाखेत जागा नाही, असे मात्र नाही. चीनच्या इतिहासातील लाखो व्यक्तींची माहिती असलेली ‘चायना बायोग्राफिकल डेटाबेस’ ही माहितीपेढी हार्वर्ड, पेकिंग विद्यापीठ आणि तैवानची अकादेमिया सिनिका यांनी मिळून उभारली आहे. कुझुशिजी वाचणारे मशीन लर्निंगवर आधारित मोबाइल अ‍ॅप जपानमध्ये २०२१ मध्ये आले. संगणक आणि भाषा दोन्ही येणारी माणसे अशा प्रकल्पांना हवी असतात.

उद्देशपत्रात ‘मला जपानी संस्कृतीची आवड आहे’ हे वाक्य पुरेसे ठरत नाही. निवड समितीला प्रश्न हवा असतो. महाराष्ट्रातून जाणाऱ्या विद्यार्थ्याकडे असे प्रश्न घराजवळच सापडू शकतात. सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या ह्युएन त्संगने येथील लोकांविषयी आणि राजा पुलकेशीविषयी चिनी भाषेत लिहून ठेवले आहे. १८९३ मध्ये टाटा आणि जपानच्या निप्पॉन युसेन कैशा यांनी मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू केली, ती मुंबईचा कापूस जपानी गिरण्यांना पोहोचवण्यासाठी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, त्यांची स्मृती चीनमध्ये आजही जपली जाते. नागपूरचे भदंत सुरेई ससाई मूळचे जपानचे आहेत. यांपैकी कोणत्याही धाग्यावर काम करायचे तर मराठी किंवा पाली येणारा आणि त्याबरोबर चिनी-जपानी वाचणारा संशोधक लागतो. ही जोडी जगात दुर्मीळ आहे आणि अर्जात तिचे मोल असते.

तीन वर्षांची पदवी चालते का?

देशानुसार उत्तर बदलते. ब्रिटनमध्ये भारतातील तीन वर्षांची पदवी साधारणपणे स्वीकारली जाते. जपानमध्ये मास्टर्सच्या प्रवेशासाठी १६ वर्षांचे शिक्षण ही सर्वसाधारण अट आहे. बारावीनंतर तीन वर्षांचे बीए किंवा बीकॉम केलेल्यांचे शिक्षण १५ वर्षांचे भरते. अशा वेळी काही विद्यापीठे वैयक्तिक पात्रता तपासतात. ती मान्य झाली नाही तर भारतात आधी एमए किंवा पदवीचे चौथे वर्ष करणे हा मार्ग उरतो. अभियांत्रिकी पदवी चार वर्षांची असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही. अमेरिकेतील विद्यापीठांचे नियम एकसारखे नाहीत, ते आधीच विचारून घ्यावेत.

खर्च किती आणि शिष्यवृत्ती कोणत्या?

जपानच्या राष्ट्रीय विद्यापीठांचे प्रमाणित वार्षिक शुल्क ५,३५,८०० येन म्हणजे साधारण तीन लाख रुपये आहे. त्याशिवाय एकदाच भरायचे प्रवेशशुल्क २,८२,००० येन असते. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. मात्र हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे, त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. जर्मन व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम बंद खात्यात दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो म्हणजे सुमारे १२ लाख रुपये आहे. अमेरिका आणि ब्रिटनमधील नामांकित विद्यापीठांचा खर्च याच्या कितीतरी पुढे जातो.

अमेरिकी विद्यापीठांच्या माहितीपत्रांत ‘फ्लास’ ही भाषा शिष्यवृत्ती ठळकपणे दिसत आली आहे. ती अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठीच आहे, भारतीय विद्यार्थ्यांना ती मिळत नाही. तेथे पीएचडीला विद्यापीठाकडून मानधन मिळणे नेहमीचे आहे, मास्टर्सला तसे नाही.

भारतीयांसाठी खरे उपयोगी पर्याय पूर्व आशियाई सरकारांचे आहेत.

• जपान : शिक्षण मंत्रालयाची ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्ती. शुल्क माफ, विमानभाडे आणि दरमहा सुमारे १,४४,००० येन. दूतावासामार्फत अर्ज, लेखी परीक्षा आणि मुलाखत. अर्ज साधारण एप्रिल-मेमध्ये निघतात.

• दक्षिण कोरिया : ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप. एक वर्ष भाषा आणि त्यानंतर दोन वर्षे मास्टर्स. भाषावर्षानंतर टोपिकचा तिसरा स्तर गाठणे आवश्यक. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये.

• चीन आणि तैवान : चीन सरकारची शिष्यवृत्ती, तसेच तैवान सरकारच्या पदवीसाठी आणि केवळ भाषेसाठी वेगवेगळ्या शिष्यवृत्ती.

• भारत : जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जाऊ शिष्यवृत्ती. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीही आहे.

यातील सरकारी योजनांना जागतिक क्रमवारीची अट असते. एखादी संस्था पूर्व आशिया अभ्यासात नावाजलेली असली तरी एकूण क्रमवारीत बसेलच असे नाही. केंद्राच्या योजनेतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा आणि इतिहास या विषयांवरील अभ्यास वगळण्यात आला. त्यामुळे भारत-चीन किंवा भारत-जपान तुलना करू इच्छिणाऱ्यांनी विषयाची मांडणी नियम वाचूनच करावी.

पदवीनंतर नोकरीचे काय?

येथे अपेक्षा आणि वास्तव यांत सर्वाधिक अंतर आहे. रांजणगावचा एलजी कारखाना, तळेगावचा ह्युंदाईचा प्रकल्प, सुप्यातील जपानी उद्योगांसाठीची औद्योगिक वसाहत, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन यांमुळे महाराष्ट्रात कोरियन आणि जपानी जाणणाऱ्यांना मागणी आहे. पण दुभाषी, अनुवादक किंवा समन्वयक नेमताना कंपन्या बहुधा एन-२ किंवा एन-१चे प्रमाणपत्र पाहतात, ‘ईस्ट एशियन स्टडीज’ची पदवी नव्हे. केवळ अशी नोकरी हवी असेल तर भारतात राहून भाषा पक्की करणे कितीतरी स्वस्त पडते. परराष्ट्र सेवेतही ही पदवी लागत नाही. तिथला मार्ग लोकसेवा आयोगाचा आहे आणि अधिकाऱ्यांना परकीय भाषा निवडीनंतर शिकवली जाते.

मास्टर्सचा खरा उपयोग होतो तो संशोधन, अध्यापन, धोरण-अभ्यास संस्था, पत्रकारिता, प्रकाशन आणि साहित्यिक अनुवाद या क्षेत्रांत. दिल्लीतील इन्स्टिट्यूट ऑफ चायनीज स्टडीज किंवा बंगळूरुची तक्षशिला यांसारख्या संस्थांत चिनी स्रोत मुळातून वाचू शकणाऱ्यांची गरज असते. पण अशा जागा मोजक्या असतात. नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये शाळांतील परकीय भाषांच्या उदाहरणांत कोरियन आणि जपानीचा उल्लेख केला. २०१९ च्या मसुद्यात असलेली चिनी मात्र अंतिम धोरणात नव्हती. त्यामुळे चिनीच्या शिक्षकांपेक्षा जपानी-कोरियनच्या शिक्षकांना शाळांत वाव अधिक.

परदेशात राहून नोकरी शोधण्याची मुदतही पाहावी. अमेरिकेत शिक्षणानंतर १२ महिने काम करता येते. त्यापुढील २४ महिन्यांची वाढ विज्ञान-तंत्रज्ञान शाखांनाच मिळते आणि पूर्व आशिया अभ्यास त्या यादीत नाही. संगणकशास्त्र शिकलेल्या मित्राला तीन वर्षे मिळतात, येथे एकच. जर्मनीत नोकरी शोधण्यासाठी १८ महिने मिळतात, नेदरलँड्समध्ये एक वर्ष. जपानमध्ये सहा महिने मिळतात आणि ते एकदा वाढवता येतात.

कर्जाचा हिशेब याच्याशीच जोडलेला आहे. ३० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ३९,६०० रुपये येतो. संशोधन साहाय्यक किंवा नवख्या अनुवादकाच्या पगारातून तो भरणे कठीण. घर तारण ठेवून हे कर्ज काढले असेल, तर जोखीम एकट्या विद्यार्थ्याची राहत नाही.

मग निर्णय कसा घ्यावा?

बहुतेक जण विद्यापीठाच्या नावापासून सुरुवात करतात आणि भाषेचा विचार व्हिसा मिळाल्यावर करतात. क्रम उलटा ठेवला तर चुका कमी होतात. आधी एक भाषा निवडून वर्ष-दीड वर्ष नेटाने शिकावी. आवड मालिका पाहण्यापुरती आहे की दीडशे पानांचे पुस्तक शब्दकोश घेऊन वाचण्याइतकी, हे त्या काळात कळते आणि ते कळायला काही हजार रुपयेच लागतात. त्याच काळात स्वतःचा प्रश्न शोधून लेखनाचा नमुना तयार करावा. त्यानंतर सरकारी शिष्यवृत्तींना अर्ज करावेत आणि त्या प्रश्नावर काम करणारे प्राध्यापक जिथे आहेत, ती विद्यापीठे निवडावीत.

पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली नाही, तर कर्ज काढून लगेच निघण्यापेक्षा भाषेची एक पातळी वर जाऊन पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणे बहुतेकांना परवडते. ते वर्ष वाया जात नाही. एन-३चा एन-२ झाला तर अर्ज भक्कम होतो आणि प्रवेश मिळालाच नाही तरी नोकरीसाठी तीच पातळी कामी येते.